दृष्टिनसेला मार आणि दृष्टिपटलातला दाह: पार्श्वभूमी

दुचाकीवरून पडून भुवईवर जोराचा मार बसतो, डोळा वरून शाबूत दिसतो, पण दिसेनासे होते. इजा डोळ्यामागे असते, बहुधा हाडाच्या अरुंद नळीतून जाणाऱ्या दृष्टिनसेला. दाह मात्र दृष्टिपटलातही पेटतो, कारण नसेतले १० लाखांहून अधिक तंतू ज्या गँग्लिऑन पेशींमधून निघतात, त्या पेशी दृष्टिपटलातच असतात.

या दाहातले मुख्य पात्र, मायक्रोग्लिया (मेंदू आणि दृष्टिपटलातल्या संरक्षक पेशी), स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये वेगळे ओळखले. दृष्टिपटलात त्यांचे काम उघड व्हायला मात्र बराच काळ गेला. उंदरांमधला क्रम असा आढळला: डोळ्याजवळ नस कापली, तर पहिले चार-पाच दिवस बहुतेक गँग्लिऑन पेशी तगतात, मग झपाट्याने मरतात आणि दोन आठवड्यांत थोड्याच उरतात. १९९१ मध्ये जर्मनीत सोलोन थानोस यांनी गँग्लिऑन पेशींत भरलेला रंग पुढे मायक्रोग्लियात सापडल्याचे दाखवले. म्हणजे मायक्रोग्लिया मेलेल्या गँग्लिऑन पेशींना गिळत होत्या. मारणाऱ्याही त्याच असाव्यात, हा संशय तेव्हा बळावला.

दवाखान्यांनी वेगळी वाट धरली. मज्जारज्जूच्या इजेवरच्या १९९० च्या अमेरिकन चाचणीत मिथाइलप्रेडनिसोलोन या दाह शमवणाऱ्या स्टेरॉइडचा मोठा डोस (सुरुवातीला किलोमागे ३० मिलिग्रॅम) उपयोगी वाटला आणि तोच डोस दृष्टिनसेलाही दिला जाऊ लागला. १९९९ मध्ये १३३ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्टेरॉइडचा किंवा शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा दिसला नाही. २००४ मध्ये डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांच्या क्रॅश चाचणीत दोन आठवड्यांतले मृत्यू स्टेरॉइडच्या गटात २१.१ टक्के, तर दुसऱ्या गटात १७.९ टक्के निघाले. दृष्टिनसेच्या इजेसोबत अनेकदा डोक्यालाही मार असतो, म्हणून हा आकडा डोळ्याच्या डॉक्टरांनी नजरेआड करणे धोक्याचे आहे.

दरम्यान प्रयोगशाळेत नेमका उलटा पुरावा जमत होता. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या मार्टिन बेरी यांच्या गटाने परिघीय (मेंदू-मज्जारज्जूबाहेरच्या) नसेचा तुकडा डोळ्यातल्या काचद्रवात (भिंगामागच्या जेलीत) ठेवला आणि दृष्टिनसेचे तंतू पुन्हा वाढले. २००० मध्ये बोस्टनच्या लॅरी बेनोविट्झ यांच्या गटाने दाखवले की भिंगाला नुसती इजा केली तरी भक्षक पेशी गोळा होतात आणि तंतू वाढतात. यीस्टच्या भिंतीपासून काढलेले झायमोसॅन काचद्रवात टोचूनही तसेच घडते. म्हणजे दाहच औषधासारखा वागला. त्यामागचा रेणू म्हणजे भक्षक पेशींमधून येणारे ऑन्कोमोड्युलिन हे प्रथिन, असे बेनोविट्झ गटाने २००६ मध्ये मांडले; जर्मनीतल्या डिएटमार फिशर यांच्या गटाने चेतापेशींना आधार देणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइटमधून येणाऱ्या सीएनटीएफ या चेतापेशींना पोषक प्रथिनाला श्रेय दिले. आमच्या मते दोन्ही एकत्र खरे असण्यात काही अडचण नाही. झायमोसॅन रुग्णाच्या डोळ्यात घालता येत नाही, ते दृष्टिपटलाला इजाही करते; म्हणून रेणू शोधणे गरजेचे ठरले.

भिंगाच्या इजेच्या या शोधामुळे जुन्या प्रयोगांकडेही शंकेने पाहावे लागले. छोट्या उंदराच्या डोळ्यात भिंगाने बहुतेक जागा व्यापलेली असते. काचद्रवात १-२ मायक्रोलीटर औषध टोचताना सुई भिंगाला लागली, तर पेशी वाचल्याचे श्रेय चुकून औषधाला जाते. त्यामुळे भिंग गढूळ झालेले प्राणी प्रयोगातून बाद करावे लागतात. प्रयोगात इजा करण्यासाठी नस चिमट्याने दाबताना डोळ्याची धमनी सापडली, तर रक्तपुरवठा तुटतो आणि दिसणारा दाह नसेच्या इजेचा राहत नाही. दाबल्यावर दृष्टिपटल फिकट पडले का ते लगेच तपासावे. गँग्लिऑन थरातल्या सगळ्या केंद्रकांची मोजणीही फसवी, कारण उंदरात तिथल्या जवळपास निम्म्या पेशी अमॅक्राइन (दृष्टिनसेत तंतू न पाठवणाऱ्या) असतात आणि त्या मरत नाहीत. आरबीपीएमएस या प्रथिनासारखी गँग्लिऑन पेशींची खास खूण वापरावी. दुसरा, निरोगी डोळा तुलनेला घेणेही पूर्ण सुरक्षित नाही: एका बाजूच्या इजेनंतर त्या डोळ्यातले मायक्रोग्लियाही जागे झालेले दिसतात.

२०१७ मध्ये वाद पुन्हा पेटला. शेन लिडेलो आणि बेन बॅरेस यांच्या गटाने दाखवले की मायक्रोग्लिया आयएल-१ अल्फा, टीएनएफ आणि सी१क्यू हे तीन संकेत सोडून अ‍ॅस्ट्रोसाइटना विषारी बनवतात; ते संकेत अडवले की नस दाबूनही गँग्लिऑन पेशी वाचतात. त्याच वर्षी फिशर गटाने औषधाने मायक्रोग्लिया जवळपास पूर्ण काढून टाकले, तरी पेशी तितक्याच मेल्या. हे संकेत इतर पेशींकडूनही येऊ शकतात, म्हणून दोन्ही निकाल परस्परांना खोडतात असे आम्ही मानत नाही. पण सरसकट मायक्रोग्लिया मारणे हा उपचार होईल, ही आशा त्यानंतर धरता येत नाही.