शाळेच्या वेबसाइटवर प्रवेशाची माहिती टाकताना: त्रुटी नेमक्या कुठे निघतात?

कोकणातल्या शाळांच्या वेबसाइट दिसायला छान असतात. माडांची रांग, स्नेहसंमेलनातलं कोळीनृत्य, अध्यक्षांचं मनोगत आणि 'प्रवेश सुरू' अशी लुकलुकणारी पट्टी. शाळा कुठल्या मंडळाची, मान्यता कधीपर्यंत, फी किती आणि ती कुणी मंजूर केली, हे मात्र शोधून सापडत नाही. तपासणीला आलेला माणूस नेमकं तेच शोधतो. मग त्रुटीपत्र येतं आणि ऑफिसात धावपळ सुरू होते. हा लेख मुख्याध्यापकांसाठी आहे, संस्थाचालकांसाठी आहे आणि सगळ्यात जास्त त्या लिपिकासाठी आहे, ज्याच्या टेबलावर ते पत्र शेवटी येऊन पडतं.

आधी मंडळ ठरवा

राज्य मंडळाची शाळा असेल तर शाळेचं नाव-पत्ता, अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक (रत्नागिरीचा २७३२ने आणि सिंधुदुर्गाचा २७३३ने सुरू होतो), आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मान्यतेचा दाखला 'नमुना २' आणि त्याची मुदत एवढं तरी पहिल्या पानावर हवं. नमुना २ची मुदत संपली असेल आणि नूतनीकरणाचा प्रस्ताव पंचायत समितीत पडून असेल, तर प्रस्तावाची पोच टाका, तारखेसह. मुदत संपलेला कागद तसाच ठेवून गप्प बसणं जास्त महागात पडतं.

'सीबीएसई पॅटर्न' हा शब्द आजच काढून टाका. संलग्नता असते किंवा नसते, पॅटर्न नावाचं मधलं काही नसतं. आठवी-नववीपर्यंत मूल तिथे वाढवून मग बोर्ड वेगळंच निघालं म्हणून हवालदिल झालेले पालक पाहिले, की या शब्दाचा राग येतो.

सीबीएसईच्या शाळांना मंडळाच्या संलग्नता उपविधींमधलं (नियमावलीतलं) परिशिष्ट ९ लागू होतं. त्यात अनिवार्य प्रकटीकरणाचा तक्ता दिलेला आहे: सर्वसाधारण माहिती, कागदपत्रं, निकाल, शिक्षक, इमारत. तक्ता तयार आहे, तो जसाच्या तसा भरायचा. स्वतःचं डोकं लावून रकाने एकत्र करू नका. एक गोष्ट सर्रास राहते. प्रत्येक कागदावर संस्थेच्या अध्यक्ष, व्यवस्थापक किंवा सचिवांची सही लागते आणि मुख्याध्यापकांचीही. एकच सही असलेली पीडीएफ म्हणजे अर्धा कागद. पुढे कागद खोटा निघाला तर जबाबदारी शाळेची, हेही त्याच तक्त्याखाली लिहिलेलं आहे.

जे कागद कुणाकडेच नसतात

संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र सोपं वाटतं, पण कोकणात तिथेच गाडी अडते. कितीतरी शाळा गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने काढलेल्या असतात. नोंदणी मुंबईच्या धर्मादाय कार्यालयात, कागद चाळीतल्या कुणाच्या तरी कपाटात आणि परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर) नावं असलेले अर्धे विश्वस्त आज हयात नाहीत. विश्वस्त बदलल्याचे 'बदल अर्ज' वेळेवर दाखल केलेले नसले, तर वेबसाइटवरचं कार्यकारी मंडळ आणि धर्मादाय कार्यालयातलं मंडळ जुळत नाही. हे काम महिन्याभरात होत नाही, म्हणून सगळ्यात आधी हातात घ्या. चिपळुणात जुलै २०२१च्या पुरात ज्यांचे मूळ कागद गेले, त्यांनी झेरॉक्सची झेरॉक्स चिकटवून वेळ काढू नये. ज्या कार्यालयात नोंदणी आहे तिथून प्रमाणित प्रत काढावी.

इमारत सुरक्षितता प्रमाणपत्राची गंमत वेगळीच. निसर्ग वादळ ३ जून २०२०ला श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि मंडणगड-दापोलीपर्यंत शाळांची कौलं, पत्रे घेऊन गेलं. छपरं नवीन झाली, प्रमाणपत्र मात्र जुन्याच छपराचं. छप्पर बदललं असेल, वर मजला चढवला असेल, वर्ग वाढवले असतील, तर आधीचा दाखला त्या इमारतीचा राहिलेला नाही. नवा घ्या आणि त्यावर इमारतीचं वर्णन नीट आलंय का ते वाचून घ्या.

अग्निसुरक्षेच्या बाबतीत सिलिंडर भरून दिल्याची दुकानदाराची पावती स्कॅन करून टाकणाऱ्या शाळा कमी नाहीत. ती पावती आहे, प्रमाणपत्र नाही. राज्याच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा 'नमुना ब', म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो, ते वेगळंच. ग्रामपंचायत हद्दीत अग्निशमन दल नसतं, मग दाखला द्यायचा कुणी? नगरपरिषद म्हणते हद्द आमची नाही, तहसील म्हणतं विषय आमचा नाही. अशा वेळी तोंडी चौकशीवर विसंबू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुराव्याची पत्रं जपून ठेवा.

पाण्याचंही तेच. विहिरीच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल म्हणजे आरोग्य व स्वच्छतेचा दाखला नव्हे. दाखला आरोग्य खात्याचा लागतो, अहवाल त्याला जोडायचा.

फी: तारीख सगळे चुकतात

फीचं पान हे सर्वात जास्त त्रुटींचं पान. राज्याचा शुल्क विनियमन कायदा २०११चा आहे आणि त्यात फी ठरवण्याचा क्रम दिलेला आहे. शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा, त्यातून सोडत काढून कार्यकारी समिती निवडायची आणि पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव त्या समितीपुढे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी ठेवायचा. शाळा जूनच्या मध्याला उघडते. म्हणजे प्रस्ताव डिसेंबरच्या मध्यापर्यंत जायला हवा. बहुतेक शाळा मार्च-एप्रिलमध्ये सभा घेतात आणि इतिवृत्तावर मागची तारीख घालतात. पालकांच्या सह्यांखालच्या तारखा मग खरं काय ते सांगून टाकतात.

समितीने मंजूर केलेली फी दोन शैक्षणिक वर्षं कायम राहते. ती नोटीस बोर्डावर मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत लावायची आणि वेबसाइट असेल तर तिथेही टाकायची. 'फीसाठी ऑफिसशी संपर्क साधा' हे वाक्य म्हणजे कायद्याचं पालन नव्हे. आकडा लिहा, ठरावाची तारीख लिहा.

समित्यांचा घोळही इथेच होतो. सीबीएसईला शाळा व्यवस्थापन समितीची आणि पालक-शिक्षक संघाची यादी हवी असते. फीच्या कायद्यातली कार्यकारी समिती हा तिसरा प्रकार. एकच यादी तीन ठिकाणी चिकटवली की तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, कारण सोडतीने निवडलेल्या समितीत संस्थेचे चार खंदे समर्थक एकदम कसे काय येतील?

'इमारत निधी, ऐच्छिक' अशी ओळ प्रवेशाच्या पानावर असेल तर ती खोडा. प्रवेशाशी जोडलेली ऐच्छिक देणगी ऐच्छिक राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३प्रमाणे कॅपिटेशन फी (जाहीर केलेल्या फीशिवाय घेतलेली देणगी वा रक्कम) घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो.

तक्रारीसाठी अधिकाऱ्याचं नाव देताना कार्यालय बरोबर लिहा. रत्नागिरी-सिंधुदुर्ग महसुलाला कोकण विभागात असले तरी शिक्षण उपसंचालक कोल्हापूरला बसतात. रायगडवाल्यांना मुंबई. दहावी-बारावीचं कोकण विभागीय मंडळ मात्र रत्नागिरीतच आहे. पालकाने ही वाटणी पाठ करावी अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. ती शाळेने लिहून द्यावी.

जे लिहायचंच नाही

'प्रवेशापूर्वी पाल्याची व पालकांची मुलाखत' हे वाक्य अजूनही सापडतं. कधी 'इंटरॅक्शन' असं गोड नाव दिलेलं असतं. नाव बदलल्याने चाळणी बदलत नाही. त्याच कायद्याच्या कलम १३प्रमाणे पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे.

'आधार कार्ड अनिवार्य' हेही काढा. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८च्या निकालानंतर शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. 'असल्यास' एवढा शब्द पुरतो.

जन्मदाखल्याची ओळ जरा जपून लिहावी लागते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. रुग्णालयाची किंवा सुईणीची नोंद, अंगणवाडीची नोंद, तेही नसेल तर पालकांचं घोषणापत्र चालतं. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची आणि बोटीवरच्या परप्रांतीय खलाशांची मुलं नेमकी याच ओळीवर परत जातात. दुसरीकडे २०२३मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायदा बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरायचा आहे. ही मुलं बालवाडीच्या वयाला पोचत आहेत. तेव्हा पानावर 'जन्मदाखला आणावा' असं लिहा, पण त्यापुढेच 'नसल्यास कार्यालयात भेटा, प्रवेश अडवला जाणार नाही' हेही लिहा.

शाळा सोडल्याच्या दाखल्याबद्दल: सरकारी आणि अनुदानित शाळेत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश रोखता येत नाही. 'दाखल्याशिवाय अर्ज स्वीकारला जाणार नाही' अशी पाटी तिथे चालणार नाही.

पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण झाली का हे मोजण्याची तारीख ३१ डिसेंबर. २०२०च्या शासन निर्णयाने ती ठरली. २५ डिसेंबर २०२०ला जन्मलेलं मूल जून २०२६मध्ये पहिलीत बसू शकतं. केंद्रीय विद्यालयांची तारीख ३१ मार्च आहे. ती कुठून तरी वाचून आपल्या पानावर उतरवू नका.

पंचवीस टक्के आणि खाडीपलीकडचं अंतर

विनाअनुदानित शाळेने आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागा कुठल्या वर्गापासून आहेत आणि किती आहेत हे सांगायचं. 'फॉर्म ऑफिसात मिळतील' असं लिहिण्यात अर्थ नाही, कारण अर्ज राज्याच्या पोर्टलवरच होतो आणि निवड सोडतीने.

'एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असल्याने आरटीई लागू नाही' अशी सूचना काही वेबसाइटवर अजून तशीच आहे. कोकणात वाडीवाडीला जिल्हा परिषदेची शाळा, त्यामुळे ही सवलत अनेकांना फार सोयीची वाटली होती. ती फेब्रुवारी २०२४मध्ये आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ला रद्द केली. सूचना काढा. अल्पसंख्याक शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने आरटीईतून सूट आहे, पण त्यांनी दर्जाचं प्रमाणपत्र शेजारी लावावं.

आरटीई पोर्टलच्या नकाशावरची शाळेची खूण स्वतः मोबाइलवर उघडून तपासा. पोर्टलवर घर ते शाळा अंतर हवाई मोजतात. दाभोळचं घर आणि धोपाव्याची शाळा नकाशात शेजारी दिसतात, मध्ये खाडी आणि फेरीबोट. जयगड-तवसाळचं तसंच. तुमची खूण चुकून पलीकडच्या तीरावर पडली, तर भलत्याच गावची मुलं 'एक किलोमीटरच्या आत' येतात आणि तुमच्या वाडीतली बाहेर जातात. पावसाळ्यात फेरी बंद झाली की रोज वळसा घालणार कोण? खाडीकाठच्या शाळेने रस्त्याचं अंतर आणि जवळचा एसटी थांबा वेगळा लिहावा. कायदा मागत नाही, पण पालक फसत नाहीत.

राहिलेली तांत्रिक कामं

पीडीएफ हलक्या ठेवा, डोंगराआडच्या गावात चाळीस एमबी उघडत नाही. निवड यादीत मुलांचे आधार क्रमांक, पत्ते, जातीचे तपशील टाकू नका. अर्ज क्रमांक पुरे. आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. गणपतीला आलेल्या पुतण्याने दोन दिवसांत वेबसाइट करून दिलेली असते, पासवर्ड त्याच्या जुन्या मेलवर असतो आणि नूतनीकरणाची आठवणही तिथेच जाते. डोमेन संस्थेच्या नावावर घ्या, मेल शाळेचा द्या आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवा.