रेड लावलं म्हणजे बॅकअप झाला? नाही!

बाहेरच्या डिस्क-बॉक्समध्ये रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच साठा म्हणून वापरायची पद्धत) लावलं की बॅकअपची गरज उरत नाही, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी लोकांचे फोटो, हिशेब कायमचे जातात.

रेड १ मध्ये दोन डिस्कवर तोच डेटा एकाच वेळी लिहिला जातो. एक डिस्क बंद पडली तर काम थांबत नाही, एवढंच. पण चुकून फोल्डर उडवलात, तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी उडतो. रॅन्समवेअरने फाइल कुलूपबंद केली, की जोडीची प्रतही कुलूपबंद. आणि बॉक्सचा कंट्रोलरच (डिस्क चालवणारं सर्किट) जळाला, तर धडधाकट डिस्कही दुसऱ्या बॉक्समध्ये वाचता येतीलच असं नाही.

रेड ५ मध्ये ४ टीबीच्या चार डिस्कवर १२ टीबी जागा मिळते, एक डिस्क गेली तरी निभावतं. मात्र छोट्याशा बदलासाठीही जुना डेटा नि जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढण्यासाठीची हिशेबी माहिती) वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायच्या. एका कामाला चार फेरे! म्हणून डेटाबेससाठी मी रेड १० च सुचवेन, म्हणजे रेड १ सारख्या जोड्या करून त्यांच्यावर डेटा वाटून लिहायचा. रेड ० (प्रत न ठेवता डेटा डिस्कवर नुसता वाटून लिहिणारं) वेगवान खरं, पण एक डिस्क गेली की सगळंच गेलं.

रेड जरूर लावा, पण एक प्रत वेगळ्या डिस्कवर, केबल काढून ठेवलेली असू द्या.