ट्रिगर पॉइंट इंजेक्शन

आखडलेल्या स्नायूत तयार झालेल्या दुखऱ्या गाठीतच सुई नेऊन करायचा उपचार. दीर्घकाळ न हटणाऱ्या स्नायुदुखीत तो केला जातो. ही गाठ, म्हणजेच ट्रिगर पॉइंट, बोटाला ताणलेल्या सुतळीवरच्या गुठळीसारखी लागते. दाबली की कळ भलतीकडेच जाते: खांद्यावरच्या गाठीची मानेतून कानशिलापर्यंत चढते, कुल्ल्यातल्या गाठीची पायातून घोट्यापर्यंत उतरते. त्यामुळे कायम डोके धरणाऱ्या माणसाचे खांदेही चाचपून पाहावे लागतात.

मराठवाड्यात या दुखण्याला ‘उसण भरली’, ‘मान धरली’, ‘पाठीत गोळा आला’ असे म्हणतात. बीड, धाराशिव, जालन्याकडची ऊसतोडीला जाणारी जोडपी हंगामभर वाकून कोयता चालवतात आणि मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेतात. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला ओटी बांधून दिवसदिवस ओणव्या असतात. तेच स्नायू, तोच ताण, रोज. अशा अंगाला गाठी धरल्या तर नवल नाही.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. गावाकडे ‘दुखण्याची सुई’ म्हणजे बहुधा कुल्ल्यात टोचलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. ते रक्तातून अंगभर जाऊन काही तास वेदना दाबते. गाठ तशीच राहते. ते वारंवार घेतल्यास जठरात व्रण होतात, मूत्रपिंडाला इजा पोहोचते. उन्हात राबून अंगातले पाणी आटलेल्या माणसाला हा धोका अधिक. आपण कोणती सुई घेतो आहोत, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे आणि त्याने तो बजावावा.

ट्रिगर पॉइंट इंजेक्शनसाठी रुग्णाला आडवे करतात, कारण काहींना सुईने भोवळ येते. डॉक्टर गाठ दोन बोटांत पक्की धरून साधारण 22 ते 25 गेज जाडीची बारीक सुई आत घालतात. नेम बरोबर लागला की स्नायू क्षणभर फडफडतो. मग लिग्नोकेन हे भुलीचे औषध थोडेसे, बहुधा 1 मिलीच्या आतच, सोडतात; सुई पूर्ण बाहेर न काढता दिशा बदलून पुन्हा टोचतात. अमेरिकी डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी सहकाऱ्यांसह 1942 मध्ये खांदेदुखीत प्रोकेन हे भुलीचे औषध टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले; पुढे त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झाल्या. चेकोस्लोव्हाकियातील कारेल लेविट यांनी 1979 मध्ये औषधाविना, कोरड्या सुईनेही आराम पडतो असे मांडले. म्हणजे गुण बराचसा सुईच्या टोचण्याचाच. लिग्नोकेनमुळे नंतरचा ठणका कमी होतो. स्टेरॉइड मिसळल्याने या गाठींत जास्तीचा लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही, मधुमेह्याची साखर मात्र चढते. स्नायू ढिला करणारे बोटॉक्सही काही जण टोचतात; ते महाग आहे, आणि त्याच्या उपयोगाबद्दल अभ्यासांचे एकमत नाही.

सुईनंतर एक-दोन दिवस जागा ठणकते. त्याच वेळी तो स्नायू हळूहळू ताणण्याचे व्यायाम करावे लागतात; ते टाळले की गाठ परत धरते. आराम काहींना थोडे दिवस, काहींना कित्येक आठवडे टिकतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल किंवा भुलीच्या औषधाची ॲलर्जी असेल, तर ते आधीच सांगावे. छाती, खांदा व पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. हे क्वचित घडते; पण सुईनंतर धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर घरी शेकत न बसता ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर व नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.