पाच रेघांवरचं व्हायोलिन

स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहिण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीत, व्हायोलिनच्या ओळीवर कुठेतरी ‘पिझ.’ (पिझिकाटो) एवढंच लिहिलेलं असतं. वादक ते वाचतो, बो (गज) आवरून घेतो आणि पुढचे सगळे स्वर बोटाने तार छेडून वाजवतो, ते थेट ‘आर्को’ (पुन्हा बोने) लिहिलेलं दिसेपर्यंत. त्याला हे शिक्षकाने कधीच शिकवून ठेवलेलं असतं. संगणकाला असा शिक्षक नसतो. तरीही डोरिको, सिबेलियस किंवा म्युझस्कोर अशा नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेचं बटण दाबलं की बऱ्यापैकी खरी वाटणारी व्हायोलिनं वाजू लागतात, आणि ‘पिझ.’ आलं की छेडलीही जातात. या दोन गोष्टींच्या मध्ये बरीच खटपट दडलेली आहे.

पहिला दुवा मिडीचा, म्हणजे संगणक आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यं यांच्यातल्या सामाईक भाषेचा. १९८३ साली आलेल्या या व्यवस्थेत आवाज नसतोच, असतात ते फक्त हुकूम: अमुक स्वर सुरू कर, इतक्या जोरात, आता थांबव. जोर ० ते १२७ या आकड्यांत मोजायचा. १९९१ मध्ये जनरल मिडीने १२८ वाद्यांना ठरावीक क्रमांक दिले, म्हणजे कोणत्याही यंत्रावर त्या क्रमांकाला तेच वाद्य वाजावं. त्या यादीत सतार १०५ वर आहे आणि सनई ११२ वर. तबल्याला मात्र जागा मिळाली नाही. सतारीचंही भाग्य फार थोर नव्हतं. स्वर वर-खाली ओढण्याची मिडीतली नेहमीची मर्यादा दोन अर्धस्वरांची, आणि सतारिया एका पडद्यावर तार खेचून चार-पाच स्वरांची मींड सहज घेतो. ही मर्यादा वाढवता येते, पण मींडेचा वळसा आकड्यांत कोणी आणि कसा भरायचा, हा प्रश्न उरतोच.

हुकूम मिळाले, आता आवाज हवा. तो खऱ्या वाद्याचा ध्वनिमुद्रित करून ठेवायचा, ही कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये आलेल्या मेलोट्रॉन या कीबोर्ड वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असे. पट्टी दाबली की आठेक सेकंद आवाज येई आणि टेप संपे. १९७९ च्या ऑस्ट्रेलियन फेअरलाइट या वाद्याने हेच काम डिजिटल केलं. आजची साउंड लायब्ररी, म्हणजे वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संग्रह, त्याच कुळातली, फक्त तिचा पसारा अफाट आहे.

हिशोब करून पाहू. व्हायोलिनचे ढोबळ ४० स्वर धरले, प्रत्येक स्वर हळू ते जोरकस अशा ४ पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर ३ वेळा. तीन वेळा अशासाठी, की एकच मुद्रण लागोपाठ वाजवलं तर ते मशीनगनसारखं ऐकू येतं. माणूस एकच स्वर दोनदा तंतोतंत सारखा वाजवूच शकत नाही. झाली ४८० मुद्रणं. दहा सेकंदांचं एक स्टिरिओ मुद्रण चांगल्या दर्जात साधारण २.९ एमबी होतं, म्हणजे एकूण १.४ जीबी. ही झाली फक्त बोची एक तऱ्हा आणि मायक्रोफोनची एक जागा! स्टॅकाटो (तुटक स्वर), ट्रेमोलो (थरथरता स्वर), पिझिकाटो, म्यूट लावून दबवलेला आवाज हे सगळं पुन्हा वेगळं. व्हिएन्नाजवळ स्वतःचा खास निःशब्द स्टुडिओ उभारणाऱ्या व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीने तर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जातानाचा क्षणही प्रत्येक जोडीसाठी वेगळा मुद्रित केला. सलग वाजणाऱ्या सुरावटीचा जिवंतपणा बराचसा त्या क्षणात असतो.

आता नोटेशन आणि लायब्ररी यांची गाठ घालायची. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा स्वर म्हणजे बोट न ठेवता मोकळी वाजवलेली ‘जी’ (G) तार. कीबोर्डवर त्याच्या खालच्या पट्ट्या व्हायोलिनला निरुपयोगीच, म्हणून लायब्ररी बनवणारे त्यांचा बटणांसारखा वापर करतात: ही पट्टी दाबली की पिझिकाटो, ती दाबली की पुन्हा बो. यांना कीस्विच म्हणतात. पानावर ‘पिझ.’ दिसलं की सॉफ्टवेअर गुपचूप ती पट्टी दाबतं. कोणत्या खुणेला कोणती पट्टी, याचा तक्ता डोरिकोत एक्स्प्रेशन मॅप म्हणून असतो. दर कंपनीच्या पट्ट्या निराळ्या, त्यामुळे महागडी लायब्ररी आणली आणि तक्ता बसवला नाही, तर सगळं एकाच सपाट सुरात वाजतं.

वेळेचं दुखणं आणखी नाजूक आहे. हळुवार बोने धरलेला स्वर कानाला जाणवेपर्यंत क्षणभर जातो. वादक हे ओळखून किंचित आधी सुरुवात करतो. सॉफ्टवेअर ठोक्यावरच हुकूम सोडतं आणि स्वर मागे पडतो. स्वीडनच्या आर्ने वालांडर यांच्या नोटपरफॉर्मर या नोटेशन वाजवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने यावर मला फार आवडलेला तोडगा काढला. ते सुमारे एक सेकंद पुढचं नोटेशन वाचून मग वाजवतं. प्लेनंतर किंचित थांबावं लागतं, पण सुरावट कुठे चालली आहे हे आधीच ठाऊक असल्याने वाजवण्यात डौल येतो. वादकाची नजरही हाताच्या पुढेच धावत असते. २०२२ अखेर आलेल्या म्युझस्कोर ४ बरोबर म्युझ साउंड्स ही लायब्ररी फुकट मिळू लागल्यापासून असं वादन विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आलं.

मात्र आवाज जितका खरा, तितका तो जास्त फसवतो, असं माझं मत आहे. बासरीचे खालचे स्वर मुळात क्षीण. लायब्ररीत मायक्रोफोन जवळ ठेवून मुद्रित केलेले तेच स्वर ट्रम्पेटच्या बरोबरीने ऐकू येऊ शकतात, आणि नवशिक्या संगीतकार तसंच लिहून मोकळा होतो. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात स्टाफ नोटेशन लिहिणाऱ्या गोव्याच्या अरेंजरांना (चालीवर वाद्यमेळ रचणाऱ्यांना) प्लेचं बटण नव्हतं, पण त्यांतले कितीतरी स्वतः वाद्यमेळात बसून वाजवलेले. कोणतं वाद्य कुठे बुडतं हे त्यांना वेगळं ऐकावं लागत नसे.

श्वासाचंही तसंच. संगणकावरचा ओबो, हे खरं तर फुंकून वाजवायचं वाद्य, तीन मिनिटं दम न घेता वाजतो. व्हायोलिनला ‘जी’ तारेचा मोकळा स्वर आणि त्याच्या लगेच वरचा ‘बी’ (B) एकाच वेळी लिहा, संगणक दोन्ही वाजवून दाखवेल. दोन्ही व्हायोलिनच्या पल्ल्यातले, म्हणून पल्ल्याबाहेरच्या स्वरांना रंग देणारं सॉफ्टवेअरही इथे गप्प राहतं. हे दोन्ही स्वर नेहमीच्या जुळणीत एकाच तारेवर मिळतात, आणि एका तारेतून एका वेळी एकच निघतो.