पेशीमृत्यू आणि दाह

पेशीमृत्यू म्हणजे पेशीचे जीवनकार्य कायमचे थांबणे. दाह किंवा शोथ म्हणजे इजा अथवा संसर्ग झालेल्या जागी रक्तवाहिन्या आणि प्रतिकारपेशी मिळून जो प्रतिसाद देतात तो. पाठ्यपुस्तकांत ही दोन वेगळी प्रकरणे असतात. शरीरात मात्र त्यांची ताटातूट होत नाही. पेशी कोणत्या रीतीने मेली आणि तिचे अवशेष किती लवकर उचलले गेले, यावर दाह पेटणार की नाही हे ठरते. पेटलेला दाह पुन्हा आणखी पेशी मारतो. हृदयविकार, क्षयरोग, गाऊट (युरिक आम्लाने सांधे सुजण्याचा आजार), ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), कर्करोग अशा एकमेकांशी संबंध नसल्यासारख्या दिसणाऱ्या आजारांत हेच चक्र आढळते.

प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी जातात आणि जवळपास तितक्याच नव्या येतात. त्यांतल्या बहुतेक रक्तातल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या. एवढ्या पेशी गेल्या तरी निरोगी माणसाला ना ताप येतो ना सूज. इतक्या पेशी जाऊनही शरीर शांत कसे राहते, हा या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

शांत मृत्यू

वाढत्या गर्भात काही पेशी ठरल्या वेळी मरतात, हे १९व्या शतकातच दिसले होते. कार्ल फोग्ट यांनी १८४२ मध्ये बेडकाच्या जातीतील एका प्राण्याच्या गर्भात तशी नोंद केली. तरी पुढची शंभराहून अधिक वर्षे पेशीचा मृत्यू म्हणजे केवळ अपघात, असेच बहुतेकांनी धरून चालले. ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञ जॉन केर यांना रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांच्या यकृतात काही पेशी फुगून न फुटता आक्रसून जाताना दिसल्या. आजूबाजूला दाहाचा मागमूस नव्हता. १९७२ मध्ये केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टेअर करी यांनी या मृत्यूला ॲपॉप्टोसिस हे नाव दिले.

ॲपॉप्टोसिसमध्ये कॅस्पेज नावाची एन्झाइमे पेशीचा सांगाडा आणि केंद्रक आतल्या आत पद्धतशीरपणे मोडतात. डीएनएचे तुकडे होतात, पेशी लहान लहान पुडक्यांत विभागली जाते आणि प्रत्येक पुडक्याचे पटल म्हणजे बाहेरचे आवरण शाबूत राहते, त्यामुळे आतला ऐवज बाहेर सांडत नाही. एरवी पटलाच्या आतल्या बाजूस असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा मेद बाहेरच्या बाजूस येतो. ही खूण ओळखून मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षक पेशी ती पुडकी गिळतात, आणि गिळताना दाह शमवणारे रेणू सोडतात. गर्भातल्या हाताच्या बोटांमधला पडदा याच रीतीने नाहीसा होतो. छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी-पेशी या प्रतिकारपेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक पेशी अशाच बाद होतात; निरुपयोगी आणि स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या पेशी तिथेच गाळल्या जातात.

या यंत्रणेची जनुके सापडली ती सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत. त्याच्या वाढीत १०९० कायिक (म्हणजे प्रजननपेशी सोडून इतर) पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच त्या १३१. सिडनी ब्रेनर, जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना या कामासाठी २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत १९९३ मध्ये पुढे आलेली एक गोष्ट मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत विलक्षण वाटते. कृमीच्या पेशींना मारणाऱ्या सीईडी-३ जनुकाचे प्रथिन माणसाच्या एका आधीच माहीत असलेल्या एन्झाइमाच्या जवळचे निघाले, आणि ते एन्झाइम होते इंटरल्यूकिन-१ बीटा हा ताप आणणारा, दाह भडकवणारा रेणू कार्यक्षम करणारे. मृत्यू आणि दाह यांची हत्यारे एकाच कुळातली होती. त्या मानवी एन्झाइमाला आज कॅस्पेज-१ म्हणतात.

आवाज करणारे मृत्यू

भाजणे, चेंगरणे, रक्तपुरवठा तुटणे यांमुळे पेशी फुटून मरते तेव्हा त्या मृत्यूला नेक्रोसिस म्हणतात. पेशीच्या आत असेपर्यंत निरुपद्रवी असलेले रेणू आता उघड्यावर येतात: पेशीला ऊर्जा पुरवणारा एटीपी, युरिक आम्ल, केंद्रकातले एचएमजीबी१ हे प्रथिन, तंतुकणिकांचे (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचे) डीएनए. तंतुकणिका मुळात जिवाणूंपासून उत्क्रांत झाल्या आहेत, त्यामुळे त्यांचे अवशेष प्रतिकारशक्तीला जिवाणूंसारखेच भासतात. म्हणूनच मोठ्या अपघातानंतर जखमेत एकही जंतू नसताना रुग्णाचे सर्व शरीर दाहाने ग्रासू शकते.

फुटणे हे नेहमी अपघातानेच घडते असेही नाही. पेशीत जंतू शिरल्याची चाहूल लागली की काही प्रथिने एकत्र येऊन इन्फ्लमासोम नावाची रचना उभारतात. तिच्यात कॅस्पेज-१ जागे होते. ते एकीकडे इंटरल्यूकिन-१ बीटा तयार करते आणि दुसरीकडे गॅसडर्मिन डी हे प्रथिन कापते. कापलेले तुकडे पटलात शिरून छिद्रे पाडतात, इंटरल्यूकिन बाहेर पडते, पाणी आत येते आणि पेशी फुटते. हा पायरॉप्टोसिस. गॅसडर्मिनची ही भूमिका २०१५ मध्ये फेंग शाओ आणि विश्व दीक्षित यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवली. संसर्ग झालेल्या पेशीचा हा त्याग हिशेबी असतो: जंतूचे लपण्याचे ठिकाण जाते आणि शेजारच्या पेशींना धोका कळतो. हाच हिशेब सर्व शरीरात एकदम सुरू झाला की सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेलगाम प्रतिसादात, रुग्णाच्या जिवावर बेततो.

काही विषाणू कॅस्पेज बंद पाडून शांत मृत्यूची वाट अडवतात. त्यांच्याविरुद्ध शरीराने नेक्रॉप्टोसिस ही दुसरी वाट राखून ठेवली आहे. तिच्यात आरआयपीके३ आणि एमएलकेएल ही प्रथिने पटल फोडतात. कॅस्पेज-८ नसलेले उंदीर गर्भातच मरतात, पण त्याच उंदरांतून आरआयपीके३ सुद्धा काढले तर ते जन्मतात, असे २०११ मध्ये दिसले. म्हणजे कॅस्पेज-८ एका मृत्यूची (ॲपॉप्टोसिसची) सुरुवात करते आणि त्याच वेळी दुसऱ्या, जास्त घातक मृत्यूला (नेक्रॉप्टोसिसला) आवर घालते. लोह आणि मेदांच्या ऑक्सिडीकरणातून होणारा फेरॉप्टोसिस २०१२ मध्ये वर्णिला गेला. या वाटा एकमेकींत मिसळतात, एक अडली की दुसरी उघडते. तिरुमला-देवी कन्नेगंटी यांनी अशा एकत्रित मृत्यूसाठी पॅनॉप्टोसिस ही संकल्पना मांडली आहे.

दाहाचा शेवट

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस यांनी पहिल्या शतकात नोंदवली. दाह कसा संपतो, याकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. जखमेवर काही तासांत धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी अल्पायुषी असतात. काम झाले की त्या तिथेच मरतात. पू हा मुख्यतः त्यांचाच साठा. मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि त्या गिळण्यातूनच स्वतः बदलतात: लढणे सोडून ऊतक दुरुस्त करू लागतात. दाहाची समाप्ती ही शरीराची स्वतंत्र आणि सक्रिय कृती आहे. त्यासाठी लागणारे लिपॉक्सिन, रिझॉल्व्हिन यांसारखे रेणू चार्ल्स सेऱ्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले.

ही साफसफाई बिघडल्याचे उदाहरण म्हणजे ल्युपस. मृत पेशी उचलण्यास मदत करणारे सी१क्यू हे प्रथिन जन्मतः नसलेल्या बहुसंख्य लोकांना ल्युपससारखा आजार होतो. न उचललेल्या पेशींतले डीएनए पडून राहते आणि प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. धमनीच्या भिंतीतही असेच घडते. कोलेस्टेरॉलने भरलेले मॅक्रोफेज तिथे मरतात, त्यांना उचलणाऱ्या पेशी कमी पडतात, मृत पेशींचा मऊ गाभा वाढत जातो, आणि एके दिवशी त्यावरचे पातळ आवरण फाटून गुठळी होते.

क्षयरोगात हा तोल सर्वांत नाजूक दिसतो. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजच्या आतच राहतो. ती पेशी ॲपॉप्टोसिसने मेली तर जंतू तिच्याबरोबर बांधला जातो. म्हणून जंतू तो मृत्यू टाळतो आणि पेशीला फुटण्याकडे ढकलतो. टीएनएफ हा दाहकारक रेणू कमी पडला तर मॅक्रोफेज जंतूला रोखू शकत नाहीत. तो अति झाला तर मॅक्रोफेज फुटतात आणि जंतू मोकाट वाढतात. ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिशमध्ये हे स्पष्ट केले. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी औषधे आली तेव्हा काही रुग्णांत सुप्त क्षय जागा झाला. हे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली.

उपचार

गाऊटमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक इन्फ्लमासोम चेतवतात. त्यावर जुने कोल्चिसिन आजही वापरले जाते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या कँटोस चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणारे कॅनाकिनुमॅब दिले गेले. २०१७ च्या निष्कर्षांत कोलेस्टेरॉल न बदलताही मधल्या मात्रेवर झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. २०२० मध्ये कोविडवरील रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या दाह दाबणाऱ्या स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले, पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ झाला नाही. दाह दाबायचा तो कोणत्या टप्प्यावर, हे औषधाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे ठरते.

कर्करोगात अडचण उलटी असते: मरायला हवी ती पेशी मरत नाही. बीसीएल-२ हे प्रथिन पेशीला जगवून ठेवते, हे १९८८ मध्ये डेव्हिड वॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवले. त्याला निष्प्रभ करणारे व्हेनेटोक्लॅक्स अमेरिकेत २०१६ मध्ये दीर्घकालीन लिंफोसायटिक ल्युकेमियासाठी मंजूर झाले. ते इतके परिणामकारक आहे की कर्करोगाच्या असंख्य पेशी एकाच वेळी मरून रक्तातले पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल धोकादायक पातळीला जाऊ शकते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. त्यामुळे या आजारात ते रोज २० मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत ४०० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, आणि मात्रा वाढवण्यापूर्वी रक्त तपासतात.