उच्च अक्षांशांवरील प्रवाळभित्तींच्या मत्स्यसमुदायांचा अभ्यास

उष्ण कटिबंधाच्या कडेला व त्यापलीकडे वाढणाऱ्या प्रवाळभित्तींवरील माशांच्या जाती, त्यांची संख्या, आकारमान व ऋतूंनुसार होणारे बदल यांचा अभ्यास. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील लॉर्ड हाऊ बेट (सु. ३१.५° द.), पश्चिम ऑस्ट्रेलियालगतची हाउटमन ॲब्रोल्होस बेटे (सु. २८°–२९° द.), बर्म्यूडा (सु. ३२° उ.) आणि जपानची इकी व त्सुशिमा बेटे (सु. ३४° उ.) ही त्याची प्रमुख क्षेत्रे. तिथपर्यंत उबदार सागरी प्रवाहच प्रवाळ व माशांचे डिंभ (पाण्यात तरंगणारी बाल्यावस्था) पोहोचवतात.

अशा भित्तींची सीमा कशाने ठरते, याविषयी एकमत नाही. हिवाळ्यात पाण्याचे तापमान सु. १८° से. च्या खाली जाऊ नये, हा जुना निकष. रिचर्ड ग्रिग यांनी १९८२ मध्ये हवाई द्वीपमालेच्या उत्तर टोकाशी ‘डार्विन बिंदू’ कल्पिला. त्यापलीकडे चुनखडीची निर्मिती झिजेला व बेटाच्या खचण्याला पुरी पडत नाही. जोन क्लेपास व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तापमान, प्रकाश आणि पाण्यातील ॲरागोनाइटची (प्रवाळ ज्यापासून सांगाडा बनवतात त्या कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाची) संपृक्तता यांचा एकत्र विचार केला. हे मत अधिक समाधानकारक वाटते. पूर्व ऑस्ट्रेलियालगतच्या सॉलिटरी बेटांजवळ (सु. ३०° द.) प्रवाळ थेट खडकावर वाढतात, भित्ती उभारत नाहीत. त्यांना भित्ती म्हणावे की नाही हा वाद भूवैज्ञानिकांचा. आसऱ्यासाठी आलेल्या माशाला त्याने फारसा फरक पडत नाही.

पाणबुड्याने ठरावीक पट्ट्यातील मासे मोजण्याची पद्धत व्हर्नन ब्रॉक यांनी हवाईत वापरली (१९५४). आज बहुधा ५० मी. फीत अंथरतात. आधी उघड्यावर पोहणारे मासे मोजतात, मग फटींत दडलेले छोटे मासे हुडकतात. प्रत्येक माशाची लांबी अंदाजाने टिपून W = aLᵇ या सूत्राने (W वजन, L लांबी, a व b त्या जातीचे स्थिरांक) वजन काढतात. आमिष लावलेले कॅमेरेही वापरात आहेत.

या अक्षांशांवर लांबीची नोंद विशेष मोलाची ठरते. सिडनीजवळ (सु. ३४° द.) उन्हाळ्याच्या अखेरीस उष्ण कटिबंधीय फुलपाखरू माशांची नखाएवढी पिले दिसतात, हिवाळ्यात पाणी थंड झाले की त्यांपैकी बहुतेक मरतात. केवळ उन्हाळी गणनेवरून त्यांना रहिवासी मानणे ही मोठीच चूक होय. प्रौढ आकाराचे मासे हिवाळ्यानंतरही आढळले, तरच जात तिथे स्थिरावली असे म्हणता येते.

२०११ च्या सागरी उष्णलाटेनंतर पश्चिम ऑस्ट्रेलियात केल्प या मोठ्या समुद्रशैवालाची वने मागे हटली. शैवाल खाणाऱ्या उष्ण कटिबंधीय माशांच्या चराईमुळे ती पुन्हा वाढणे अवघड झाले, असे दिसते. सॉलिटरी बेटांजवळही केल्प नाहीसे झाले. मात्र लॉर्ड हाऊ परिसरापुरत्या मर्यादित जातींना, उदा., मॅककुलकचा विदूषक मासा, पाणी तापल्यास दक्षिणेस सरकायला पुढे प्रवाळभित्तीच नाही.