कृमिघ्न वनस्पतींची चाचणी

कृमिघ्न वनस्पतींची चाचणी : परंपरेने जंतांवर दिल्या जाणाऱ्या वनस्पती खरोखर जंत मारतात किंवा पाडतात का, आणि त्या मात्रेत रोग्याला अपाय होतो का, हे पडताळण्याची पद्धत. इंदूरच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हा नेहमीच्या ओळखीचा विषय. आणि त्याला लागणारा माल सियागंजच्या घाऊक बाजारात पोत्याने पडलेला असतो.

येथील जुन्या मराठी घरांत तान्ह्या बाळाला वावडिंग घालून उकळलेले पाणी देतात. चरकसंहितेने विडंगाला, म्हणजे वावडिंगालाच, कृमिघ्नांत अग्रस्थान दिले आहे. पळसपापडी (पळसाच्या बिया), कपिला, किरमाणी ओवा, कडू जिरे, डाळिंबाच्या मुळाची साल ही त्याच पंक्तीतली. पैकी पळस माळव्यात उदंड.

पहिली पायरी ओळख पटवण्याची, आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. वावडिंग म्हणून दुसरीच मिऱ्याएवढी फळे सर्रास विकली जातात. भुकटीचा ईथरमधील अर्क घेऊन त्यात पातळ अमोनिया टाकला की निळसर जांभळा रंग उमटतो. ही वावडिंगातील एम्बेलिन या द्रव्याची खूण. पण भेसळीतल्या काही भाईबंद जातींतही एम्बेलिन असतेच, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली फळाची रचना पाहण्यावाचून सुटका नाही.

पुढची सर्वांत रूढ चाचणी गांडुळांवर होते. अर्काच्या निरनिराळ्या तीव्रतांत, बहुधा मिलिलिटरला १० ते १०० मिलिग्रॅम, गांडुळे सोडतात. जोरात हलवल्याखेरीज ती हलेनाशी झाली की लुळेपणाची वेळ टिपतात. सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवूनही हालचाल नसेल तर मृत्यूची. तुलनेला पायपेराझिन किंवा अल्बेंडाझोल ही जंतांवरची नेहमीची औषधे. गांडुळे स्वस्त, प्राणीप्रयोगांच्या परवानगीची यातायात सहसा नाही, दुपारभरात तक्ता तयार. मात्र गांडूळ हा वलयांकित, मातीत राहणारा प्राणी. आतड्यातला गोलकृमी वेगळ्या संघातला, जाड उपत्वचेचा, म्हणजे बाह्य आवरणाचा. शिवाय नुसत्या मिठाच्या पाण्यानेही गांडूळ मरते. एवढ्या आधारावर ‘परंपरेला विज्ञानाची पुष्टी’ असे लिहिणे हा उतावीळपणाच.

त्याहून भरवशाची कसोटी मेंढीच्या जठरातील हिमाँकस या रक्तशोषक जंतावर : अर्कात अंडी उबतात का, अळ्या वाढतात का. शेवटचा निकाल जनावरात. लेंड्या मिठाच्या संपृक्त द्रावणात घोळून वर तरंगलेली अंडी चौकटी आखलेल्या मॅकमास्टर काचपट्टीवर मोजतात. औषधानंतर १० ते १४ दिवसांनी पुन्हा मोजणी होते. औषध न दिलेला कळप शेजारी असावाच लागतो, कारण चारा आणि ऋतू यांनीही आकडा खालीवर होतो. इंदूरजवळ महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने ही विद्या दूर शोधावी लागत नाही. काचभांड्यात दणदणीत ठरलेला अर्क येथे अनेकदा फिका पडतो : तेवढी तीव्रता आतड्यात टिकत नाही.

या खटाटोपाला निकड आहे. शेळ्यामेंढ्यांतील जंत अल्बेंडाझोलसारख्या औषधांना बऱ्याच ठिकाणी जुमानेनासे झाले आहेत. मुलांना मात्र १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय कृमिमुक्ती दिनी, २०१५ पासून, अल्बेंडाझोलच दिले जाते.

वनस्पतिज म्हणजे निर्धोक, असेही नाही. किरमाणी ओव्याच्या वर्गातील वनस्पतींतून मिळणारे सँटोनिन एके काळी डॉक्टर सर्रास देत. मात्रा चढली की रोग्याला सगळे पिवळे दिसे, झटकेही येत. पळसाच्या बियांतील पॅलासोनिन हे कँथॅरिडिन या दाहक विषाचे जवळचे आप्त आहे, म्हणून पळसपापडीची मात्रा घरी अंदाजाने ठरवण्यासारखी नाही.